व्रत दोघांचे, साथ घराची

चैत्रातले हळदीकुंकू असो की शेजारचे बारसे, बोलावणे आले की लग्नाला सहा-सात वर्षे झालेली सून काही ना काही कारण काढून मागे राहते. कधी डोके दुखते, कधी कार्यालयाचे काम निघते. जाऊ नकोस, असे तिला कोणी म्हटलेले नसते. पण पाळण्यापाशी उभे राहिल्यावर कोणती नजर आपल्याकडे वळेल आणि कोणता प्रश्न येईल, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. ‘काय गं, तुमच्याकडे कधी गोड बातमी?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वावगे काही नसते. ऐकणारीला मात्र तो प्रश्न रात्रभर पुरतो.

भारतीय कुटुंबव्यवस्थेचे गोडवे आपण सारेच गातो. संकटात पाठीशी उभे राहणारे घर हे आपल्या समाजाचे बळ आहे, ही गोष्ट खरीच आहे. परंतु अपत्यहीनतेच्या प्रसंगी हेच घर कित्येकदा न्यायासनावर जाऊन बसते आणि आरोपी ठरते ती घरात आलेली सून.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने वंध्यत्व हा आजार आहे. वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भधारणा न झाल्यास दांपत्याची तपासणी करावी, असा सर्वमान्य संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी या व्यथेला तोंड द्यावे लागते. कारणे अनेक आहेत. बीजांडकोशातील दोष, बंद झालेल्या गर्भनलिका, गर्भाशयाचा क्षयरोग, शुक्राणूंची कमतरता. सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषातील दोषाचा पूर्ण वा अंशतः वाटा असतो. असे असूनही सोनोग्राफीपासून दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत सारे सोपस्कार आधी सुनेचे होतात आणि मुलाची साधी वीर्यतपासणी मात्र वर्षानुवर्षे टळत राहते. ‘आमच्या घराण्यात असे कधी झाले नाही’ हे एक वाक्य त्या तपासणीच्या आड येते.

या संदर्भात कालिदासाच्या रघुवंशाचे स्मरण उद्बोधक ठरेल. या महाकाव्याचा आरंभच एका निपुत्रिक दांपत्यापासून होतो. राजा दिलीप राणी सुदक्षिणेला एकटीला उपाय शोधायला धाडत नाही. राज्यभार मंत्र्यांवर सोपवून दोघे एकाच रथातून वसिष्ठांच्या आश्रमी जातात. तेथे कारण कळते तेही राजाच्याच हातून घडलेल्या प्रमादाचे. कामधेनूला प्रदक्षिणा न घालता तो पुढे निघून गेला होता. मग नंदिनीच्या सेवेचे व्रत दोघेही आचरतात. दिवसभर राजा धेनूमागे रानात हिंडतो, राणी सकाळी पूजा करून तिला वाटेला लावते आणि सायंकाळी सामोरी जाते. असे एकवीस दिवस लोटतात. महाकवीने प्रमाद राजाच्या पदरी घातला आणि व्रत दोघांच्या. आजच्या सुशिक्षित घरांत ही वाटणी उलटी का व्हावी?

विज्ञान या देशात मागे राहिले नाही. इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांना तेच यश आले. त्यांच्यावर विश्वास ठेवण्याऐवजी त्यांची चौकशी मांडली गेली. उपेक्षेने खचलेल्या त्या संशोधकाने १९८१ मध्ये आपले जीवन संपवले. पुढे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून आयव्हीएफद्वारे बाळ जन्मले. देशातील असे पहिले बाळ म्हणून त्याचा गौरव झाला. त्याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणे अभ्यासून १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला. खऱ्या मनाच्या मोठेपणाचे असे उदाहरण विरळाच. प्रयोगशाळेने चार दशकांत मोठी मजल मारली. माजघराने किती मारली, हा प्रश्न आहे.

आयव्हीएफ म्हणजे नेमके काय, हे घरातील वडीलधाऱ्यांना बहुधा कोणी समजावून सांगत नाही. दहा-बारा दिवस ठरावीक वेळी संप्रेरकांची इंजेक्शने, मधूनमधून सोनोग्राफी, मग भूल देऊन स्त्रीबीजे काढणे, प्रयोगशाळेत फलन, तीन ते पाच दिवसांनी भ्रूण गर्भाशयात सोडणे आणि त्यानंतर रक्ततपासणीपर्यंत सुमारे दोन आठवड्यांची वाट. पोट फुगते, मन चिडचिडे होते, रजा संपत येतात. एका सायकलचा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो आणि बहुतेक आरोग्यविमा योजना तो उचलत नाहीत. पस्तिशीनंतर यशाची शक्यता उतरत जाते. तरुण वयातही पहिलाच प्रयत्न फळेल, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

आणि तो फसला की घरात शोध सुरू होतो. जिना चढली असेल, पपई खाल्ली असेल, नोकरी सोडली नाही म्हणून झाले असेल. वास्तविक भ्रूण सोडल्यावर दिवसचे दिवस अंथरुणात पडून राहिल्याने यश वाढते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. अपयशाचे एक मोठे कारण भ्रूणाच्याच गुणसूत्रांतील दोष असते आणि त्यावर कोणाच्या चालण्या-बसण्याचा इलाज चालत नाही. एवढे एक सत्य सासूबाईंना कळले, तरी सुनेच्या डोक्यावरचे निम्मे ओझे उतरेल.

आजी-आजोबा होण्याची आस बाळगणे हा काही गुन्हा नव्हे. त्यांचेही दुःख खरेच असते. परंतु कित्येक दांपत्ये हे उपचार घरापासून लपवून, कार्यालयीन दौऱ्याचे निमित्त करून घेतात. सांगितल्याने आधार मिळण्याऐवजी रोजची चौकशी मागे लागेल, अशी त्यांना धास्ती असते. ज्या घरात मुलगा आणि सून आपली व्यथा बोलू शकत नाहीत, त्या घराने एकत्रपणाचा अभिमान कोणत्या तोंडाने मिरवावा?

संसदेने २०२१ साली सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा केला. उपचारांतील धोके, खर्च आणि यशाची शक्यता दांपत्याला सांगणे व समुपदेशन देणे त्याने रुग्णालयांवर बंधनकारक केले. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार निःशुल्क उपलब्ध करून दिले. इतर राज्यांनीही या वाटेने जायला हवे. मात्र घराने कसे वागावे, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते संस्कारांनीच व्हायचे. मुलाने पहिली तपासणी स्वतःची करावी. सासऱ्यांनी, न विचारता, खर्चाचा काही भार उचलावा. सासूने उपचारांच्या दिवसांत स्वयंपाकघराची काळजी सुनेच्या मनावर ठेवू नये आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या प्रश्नाला स्वतः पुढे होऊन उत्तर द्यावे. अहवालाच्या दिवशी फोनवर फोन करू नयेत. आणि बारशाला सुनेला सन्मानाने न्यावे, तिच्या हातून पाळण्याची दोरी हलवावी. तिला जावेसे वाटले नाही, तर तेही समजून घ्यावे.

कधी थांबावे, हा निर्णय त्या दोघांचाच असला पाहिजे. थांबल्यावरही वाटा असतात. अपत्य नाही म्हणून दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला, तेव्हा जोतीराव फुले यांनी तो मानला नाही. सावित्रीबाई आणि त्यांनी यशवंताला दत्तक घेऊन वाढवले. त्याच यशवंतांनी पुढे डॉक्टर होऊन प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा केली. आणि दत्तकही न घेता केवळ एकमेकांच्या सोबतीने राहणारे दांपत्य हेही पूर्ण कुटुंबच असते.

बारशाच्या दिवशी पेढे वाटायला सारेच घर जमते. अहवाल नकारार्थी आला, त्या संध्याकाळी सुनेजवळ मुकाट्याने चहाचा कप ठेवून बसणारे कोणी घरात आहे का, यावर त्या कुटुंबाची खरी पारख व्हायची आहे.