विश्लेषण : अंड्याचा दर्जा नेमका कशावर ठरतो?

उन्हाळ्यात अंड्यांची मागणी घटते आणि त्याच दिवसांत ट्रेमधली तडकलेली अंडी वाढतात. ग्राहक दुकानात विचारतो ते 'गावठी आहेत का?' आणि घरी अंडे फोडल्यावर पाहतो तो बलकाचा रंग. दर्जाबाबत हे दोन्ही निकष फारसे उपयोगाचे नाहीत. ज्याने बराच उलगडा झाला असता, ती अंडे घातल्याची तारीख सुट्या अंड्यांवर नसतेच.

उन्हाळ्यात कवच पातळ का होते?

अंड्याचे कवच सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे असते. एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले सुमारे २० तास एकट्या कवचाला. हे काम बरेचसे रात्री, म्हणजे कोंबडी काही खात नसताना चालते. दिवसा खाल्लेले कॅल्शियम पुरले नाही, तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते.

कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. ऊन वाढले की ती चोच उघडी टाकून धापा टाकते. त्यामुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडतो आणि रक्तातले बायकार्बोनेट कमी होते. कवचातला कार्बोनेट येतो तो तिथूनच. शिवाय उष्म्याने ती खातेही कमी, त्यामुळे कॅल्शियमही कमी मिळते. परिणाम म्हणजे पातळ कवच. जाणकार पोल्ट्रीचालक म्हणूनच शेडमध्ये पाण्याचे फवारे लावतात, खाद्य पहाटे व संध्याकाळी देतात, पिण्याच्या पाण्यात खाण्याचा सोडा मिसळतात आणि खाद्यात चुनखडीची भरड किंवा शिंपल्यांचे तुकडे वाढवतात. बारीक भुकटीपेक्षा भरड सावकाश विरघळते आणि रात्रीपर्यंत पुरते.

वय हा दुसरा घटक. कोंबडी साधारण १८ ते २० आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते. वय वाढते तसे अंडे मोठे होते, पण कवचाचा माल त्या प्रमाणात वाढत नाही. तेच कॅल्शियम मोठ्या पृष्ठभागावर पसरते. निवडून घेतलेले सर्वांत मोठे अंडे हे बरेचदा म्हाताऱ्या कोंबडीचे, पातळ कवचाचे असते. दुकानदार ते आवर्जून दाखवतो, ही गोष्ट वेगळी.

कवच पातळ म्हणजे केवळ तुटफूट नव्हे. तडा गेला की जंतूंना आत जायला वाट मिळते. अशी अंडी स्वस्तात विकली जातात आणि ती घेणाऱ्यांत हातावर पोट असलेलेच अधिक.

तपकिरी अंडे अधिक पौष्टिक असते का?

नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न वंशाच्या कोंबड्या पांढरी अंडी देतात, इतर काही जाती तपकिरी. पिंजऱ्यात, तेच खाद्य खाणारी संकरित कोंबडीही तपकिरी अंडे देते. जादा पैसे मोजले जातात ते अनेकदा निव्वळ रंगाचे.

मग गडद बलकाचे काय?

बलकाला रंग देणारी द्रव्ये खाद्यातून येतात : पिवळा मका, हिरवा पाला, झेंडूच्या फुलांचा अर्क. परसात फिरणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचा बलक गडद असतो तो गवत-पाल्यामुळे. पण झेंडूचा अर्क खाद्यात मिसळून कोणत्याही पोल्ट्रीत तोच रंग आणता येतो.

इथे मक्याचे अर्थकारण आड येते. अंड्याच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा आणि खाद्यात मक्याचा. गेल्या काही वर्षांत इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली, दर चढले. मका महागला की काही जण तांदळाची कणी वापरतात. कणीत रंगद्रव्य नसल्याने बलक फिका होतो. अंडे मात्र खाण्यास चांगलेच असते. खरी काळजी आहे ती ओलसर मक्याची आणि इथेनॉल कारखान्यांतून येणाऱ्या नीट न वाळवलेल्या चोथ्याची. त्यावर बुरशी आली, तर अफ्लाटॉक्सिनसारखी विषद्रव्ये खाद्यात शिरतात. हे बलकाच्या रंगावरून कळत नाही.

प्रतिजैविकांच्या अवशेषांचेही तसेच. डिसेंबर २०२५ मध्ये नायट्रोफ्युरानवरून समाजमाध्यमांत घबराट पसरली, तेव्हा अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) देशातील अंडी सुरक्षित असल्याचा खुलासा केला. या औषधांचा कुक्कुटपालनात वापर निषिद्ध आहे. किलोमागे १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा तपासणीपुरती आहे, ती वापराची मुभा नव्हे.

ताजेपणा मोजतात कसा?

१९३७ मध्ये रेमंड हॉ यांनी मांडलेले 'हॉ एकक' आजही जगभर वापरात आहे. अंडे सपाट काचेवर फोडून घट्ट पांढऱ्या भागाची उंची मोजायची आणि अंड्याच्या वजनाशी तिचा मेळ घालायचा. ताज्या अंड्याचा पांढरा भाग उभा राहतो, शिळ्याचा पाण्यासारखा पसरतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड निसटतो, पांढऱ्याचा पीएच साधारण ७.६ वरून ९ च्या पुढे जातो आणि त्याची घट्ट बांधणी सैल पडते. उष्णतेने हे सारे झपाट्याने घडते.

महाराष्ट्राला हा मुद्दा अधिक लागू आहे. देशात २०२३-२४ मध्ये सुमारे १४,२७७ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले. त्यात आंध्र प्रदेश, तमिळनाडू व तेलंगणा आघाडीवर होते. महाराष्ट्रात रोज सुमारे एक कोटी अंडी कमी पडतात, असे पशुसंवर्धन विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले होते. ही तूट शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या मालाने भरते. म्हणजे ट्रकचा प्रवास, मग घाऊक व्यापारी, मग किराणा दुकानाबाहेरचा उन्हात ठेवलेला ट्रे. श्रावणात आणि नवरात्रात खप घटतो, तेव्हा माल आणखी पडून राहतो.

तारीख का नसते?

युरोपीय संघात दुकानात विकल्या जाणाऱ्या अंड्यावर सांकेतिक क्रमांकाचा शिक्का असतो. त्यातून पालनाची पद्धत, देश आणि उत्पादक कळतो. वापराची मुदत घातल्यापासून २८ दिवसांपलीकडे देता येत नाही. भारतात 'अॅगमार्क'ची वजन व दर्जानुसार प्रतवारी आहे, पण ती ऐच्छिक. बंद खोक्यातल्या अंड्यांवर तारीख असते, तीस अंड्यांच्या उघड्या ट्रेवर नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती (एनईसीसी) केंद्रनिहाय दर रोज जाहीर करते. वयाचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. ठेवला, तर जुना माल उघडा पडेल आणि कमी दराने विकावा लागेल. तो तोटा पोल्ट्रीचालकाने सोसायचा की व्यापाऱ्याने, हा वादाचा मुद्दा ठरेल.

घरच्या घरी काय पाहता येते?

पाण्यात ताजे अंडे तळाशी आडवे राहते. आतली हवेची पोकळी वाढली की ते उभे राहते, फार जुने असेल तर तरंगते. अंडी फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात, रुंद टोक वर करून ठेवणे चांगले. आणून धुऊन ठेवू नयेत. धुतल्याने कवचावरचा संरक्षक लेप जातो आणि ओलाव्याबरोबर जंतू छिद्रांतून आत जाऊ शकतात. वाटल्यास वापरताना धुवावीत. सॅल्मोनेला जंतूंचा धोका लक्षात घेता लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांसाठी अंडे बलक घट्ट होईपर्यंत शिजवलेले बरे. उकडलेल्या अंड्याचे साल नीट निघत नाही, म्हणून दुकानदाराशी वाद घालणारेही आहेत. साल चिकटते ते बहुधा अंडे ताजे असल्यामुळे.