घोड्यावर बसण्याआधी खिशात चिठ्ठी ठेवा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली की आपल्याकडची कुटुंबे माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीला निघतात. नातवंडांच्या हट्टापायी साठी ओलांडलेले आजोबाही घोड्यावर बसतात. या हौसेला माझी हरकत नाही. पण सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर एक प्रश्न विचारावासा वाटतो: तुम्ही पडलात आणि तुम्हाला बोलता आले नाही, तर तुमची माहिती डॉक्टरांना कोण देणार?

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावर घोड्यावरून पडलेल्या एका गृहस्थांना अनोळखी लोकांनी आमच्याकडे आणले. डोक्यावरची खोक किरकोळ दिसत होती, पण माणूस गोंधळलेला, नावही धड सांगता येईना. मोबाईल खोगिराला अडकवलेल्या पिशवीत राहिला होता. पाऊण तासाने त्यांच्या पत्नी पोहोचल्या, तेव्हा कळले की हृदयाची झडप बदललेली आहे आणि रोज वॉरफॅरिन, म्हणजे रक्त पातळ करणारे औषध चालू आहे. अशा रुग्णाच्या डोक्यात हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो. त्या औषधाचा परिणाम थांबवणारे उपचार वेगळे द्यावे लागतात. ते गृहस्थ वाचले. पण तो पाऊण तास आम्ही अंदाजावर काढला.

माथेरानमध्ये तर हा प्रश्न अधिक बिकट आहे. तिथे खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही. पुढचा प्रवास पायी, घोड्यावर किंवा रिक्षाने. एखाद्या पॉइंटच्या लाल मातीच्या वाटेवर कोणी पडले, तर मदत पोहोचायला आणि रुग्ण मोठ्या रुग्णालयात जायला वेळ लागणारच. तो वेळ आपल्या हातात नाही. रुग्णाबरोबर माहिती पोहोचावी, एवढे मात्र नक्की आपल्या हातात आहे.

त्यासाठी पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चिठ्ठी पुरे. तिच्यावर नाव, वय आणि दोन फोन नंबर लिहा. त्यातला एक सहलीला न आलेल्या नातेवाईकाचा असावा. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, दमा यांपैकी जे असेल ते लिहा. रोजच्या गोळ्यांची नावे डोससह लिहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, इन्सुलिन आणि स्टिरॉइड सर्वांत वर. स्टेंट, पेसमेकर, जुनी शस्त्रक्रिया, औषधाची ॲलर्जी यांची नोंद करा. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, तेही लिहा. घोड्याच्या लिदीत आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि मोठ्यांनाही दर 10 वर्षांनी डोस लागतो.

रक्तगट लिहायला हरकत नाही, पण तेवढाच लिहून थांबू नका. रक्त देण्यापूर्वी आम्ही गट पुन्हा तपासतोच. गोळ्यांची नावे मात्र तपासणीत सहज सापडत नाहीत.

ही चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या अंगावरच्या खिशात ठेवा, खोगिराच्या पिशवीत नको. स्वार खाली पडतो आणि घोडा पिशवीसकट पुढे निघून जातो. मोबाईलमध्येही लॉक न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती भरण्याची सोय असते. घरातल्या तरुणाला सांगून ती आजच भरून घ्या. पण बॅटरी संपते, स्क्रीन फुटते, म्हणून कागद हवाच.

निघताना घोडेवाल्याचा नंबर आणि आपण कोणत्या पॉइंटला जात आहोत, हे मागे थांबलेल्यांना सांगा. हेल्मेट मिळाले तर घाला. कोणी पडलेच, तर त्याला ओढून बसवू नका, मान हलू देऊ नका, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी किंवा साखर घालू नका. 108 ला फोन करा. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्याच्या डोक्याला मार लागला, तर तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

घोडेवाल्यांच्या संघटनांनी आणि नगरपरिषदांनी स्वाराला बसवण्याआधी ‘चिठ्ठी आहे का?’ एवढे विचारायची पद्धत पाडली, तर खर्च काहीच नाही. तोवर ही जबाबदारी आपली. सहलीची बॅग भरताना औषधांचा डबा आठवणीने घेता ना? त्याच वेळी ही चिठ्ठीही लिहा.