उघडा संगणक : भीती कशाची आणि काळजी कशाची?



घरातल्या किंवा वर्गातल्या मुलाला एकदा विचारून बघा, "संगणकाचा सीपीयू दाखव." बहुतेक मुलं टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवतील. चूक त्यांची नाही. आपणही दुकानात "सीपीयू दुरुस्तीला आणलाय" असंच म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे पंख्याखाली दडलेली, जेमतेम काडेपेटीएवढी चिप. तो डबा म्हणजे नुसतं कॅबिनेट.

म्हणून माझं मत असं, की शाळेतला एक जुना संगणक कॅबिनेटबाहेर काढून टेबलावर मांडावा आणि मुलांसमोर चालवून दाखवावा. पुस्तकातली आकृती पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आमच्या मलकापुरात हे सुचवलं तेव्हा एका पालकांनी विचारलं, "सर, पोराला शॉक बसला म्हणजे?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

भिंतीतल्या सॉकेटमधून येते 230 व्होल्ट वीज. ती एसएमपीएस नावाच्या पेटीत जाते आणि 12, 5 व 3.3 व्होल्ट होऊन मदरबोर्डला मिळते. बोर्डावरच्या एवढ्या कमी दाबानं सहसा शॉक बसत नाही. जिवाला धोका आहे तो प्लग, वायर आणि एसएमपीएसच्या पोटात. म्हणून ती पेटी कधीही, कुणीही उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

बाकीची काळजी अशी घ्यावी :

1. प्लग तीन पिनांचाच हवा आणि सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावं. लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तमच.

2. बोर्ड कोरड्या लाकडी फळीवर किंवा पुठ्ठ्यावर ठेवावा. ज्या चकचकीत पिशवीतून तो येतो, तिच्यावर ठेवून चालवू नये. काही पिशव्यांच्या बाहेरच्या थरातून वीज वाहते. टेबलावर सुटे स्क्रू नकोत. एक स्क्रू पडला तरी बोर्ड जळू शकतो.

3. चालू करताना स्क्रू ड्रायव्हरनं पिना जोडायची सवय मुलांना लावू नका. कॅबिनेटचंच बटण वायरसकट काढून वापरा.

4. संगणक बंद केला तरी प्लग जोडलेला असेपर्यंत बोर्डावर 5 व्होल्ट असतात. म्हणून रॅम काढण्याआधी प्लग उपटायचा आणि मग बटण एकदा दाबायचं.

5. फिरत्या पंख्यात बोट नको, तापलेल्या हीटसिंकला हात नको. बोर्डावरचा बटणासारखा गोल सेल लहान भावंडांच्या हाती लागता कामा नये. तो गिळला तर जिवावर बेतू शकतं.

आता आपल्या भागाची गोष्ट. अंबा घाट जवळ, त्यामुळे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या होतात. उघड्या बोर्डावर दमट हवेत धूळ चिकटते, मुंग्या आणि पाली शिरतात. तेव्हा हा प्रयोग हिवाळ्यात करावा, मोठ्या माणसानं समोर उभं राहून करावा आणि झाला की सगळं परत कॅबिनेटमध्ये बसवावं. उघडा संगणक कायम वापरायला मात्र माझा विरोध आहे. कॅबिनेट म्हणजे शोभा नव्हे; लहान हात, धूळ आणि शॉर्टसर्किट यांच्या आड उभी असलेली ती भिंत आहे.

पालकहो, "हात लावू नकोस" एवढंच सांगितलं तर मूल आपल्या पाठीमागे हात लावणारच. कुठं लावायचा, कुठं नाही आणि का, हे आपल्या डोळ्यांदेखत शिकलेलं मूल घरातल्या प्रत्येक प्लगपाशी जपून वागेल.