साय कुणाच्या ताटात

शिरपूर जैनला एका घरी जेवायला बसलो होतो. माउलीने दुधावरची साय चमच्याने अलगद काढली आणि धाकट्याच्या भातावर ठेवली. धाकटा बेचाळीस वर्षांचा आहे. थोरला मान खाली घालून भाकरी मोडत राहिला, माहेरी आलेली बहीण चुलीपाशीच होती. “मले कधी इचारलंच नाई,” थोरला नंतर वावराच्या धुऱ्यावर म्हणाला. मला वाटलं, वाटणीबद्दल बोलतोय; तो सायीबद्दल बोलत होता. हक्काचं भांडण किती लांबतं हे या गावाने पाहिलंय. इथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेच्या वेळा दिगंबर आणि श्वेतांबरांनी १९०५ मध्ये ठरवून घेतल्या, तरी १९२९ मध्ये निकाल प्रिव्ही कौन्सिलला द्यावा लागला, आणि पुढे चारेक दशकं बंद राहिलेलं मंदिर २०२३ मध्ये उघडलं. घरातल्या भांडणात तर कोर्टाच्या हाती आणखीच थोडं असतं. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित वावरात मुलाइतका हिस्सा दिला. मायेचा हिस्सा कोण देणार? मला खरा राग येतो तो बहिणीच्या बाबतीत. लाडका कोण, नावडता कोण, हे दोघा भावांतच मोजलं जातं. तिने हक्कसोडपत्रावर केव्हाच सही केलीय, भाऊबीज तुटू नये म्हणून. लाड धाकट्यालाही बाधलेच: सोयाबीन कधी विकायचं, हे तो अजून आईला विचारतो. संध्याकाळी निघालो, तर थोरला सोबत आला. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, तेवढं त्याच्याच लक्षात होतं.