शर्यतीचा वर्ग कोण ठरवतो?

मांजरी बुद्रुक २०२१ च्या जूनअखेर पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेथील शेतजमिनींवर इमारती उभ्या राहिल्या. काही घरांत जमिनीचा पैसा आला, काही घरांतून नुसतीच जमीन गेली. अशा गावातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मोटारसायकल-शर्यतीचे वेड लागते, तेव्हा त्याने कोणत्या वर्गात उतरावे हा प्रश्न वरवर यंत्रशास्त्राचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर बव्हंशी बापाच्या खिशात असते. ‘वर्ग’ शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकत्र येतात.

पश्चिम महाराष्ट्राला वर्गवारी नवी नाही. बैलांच्या शर्यतीत आदतचे मैदान वेगळे, दुशाचे वेगळे. जाणता मालक दात पाहिल्याखेरीज खोंडाला खुल्या मैदानात उतरवत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र सीसीचा आकडा पाहिला जातो, आणि आकडा मोठा तेवढी घराची प्रतिष्ठा मोठी, असा विलक्षण हिशेब मांडला जातो.

हा हिशेब खोटा आहे. मोठ्या इंजिनाची गाडी वळणावर झालेली चूक सरळ रस्त्यावर भरून काढते. चूक झाली हे मुलाला कळतच नाही. लहान गाडीवर वळणात गमावलेला वेग परत मिळत नाही. ब्रेक कोठे लावायचा, अंग किती झुकवायचे, हे तिच्यावरच शिकता येते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणूनच जगभर मातीच्या मार्गावरील मुले ६५, ८५, १२५ सीसी अशा पायऱ्यांनी चढतात. २०२२ साली भारतात सुरू झालेल्या ‘मिनीजीपी’ मालिकेतही कार्टिंगच्या छोट्या मार्गावर १६० सीसीची गाडी दिली जाते.

गाडीत हवे ते फेरफार करू देणारा वर्ग हा पैशाचा वर्ग होय. सर्वांना एकाच नमुन्याची गाडी मिळते तो वर्ग त्या मानाने न्याय्य, जरी ही व्यवस्था बहुधा गाडी विकणाऱ्या कंपनीच्याच हाती असली तरी. पण समान गाड्या म्हणजे चाकाला चाक लागलेला घोळका. २०२१ साली युरोपात १९, १४ आणि १५ वर्षांचे तीन शर्यतपटू गेले; तिघेही पडल्यानंतर मागून येणाऱ्या गाडीच्या तडाख्यात सापडले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने वयाच्या अटी वाढवल्या. ‘मोटोथ्री’साठी २०२३ पासून साधारणतः १८ वर्षांची अट आली. त्याच वर्षी ५ ऑगस्टला मद्रासच्या शर्यतमार्गावर बंगळूरचा १३ वर्षांचा मुलगा नवशिक्यांच्या वर्गात दगावला. त्या शर्यतीसाठी सर्वांत पुढचे स्थान त्यानेच मिळवले होते. गियरची मोटारसायकल सार्वजनिक रस्त्यावर चालवायला कायदा १८ वर्षे पूर्ण मागतो, हे लक्षात घेतले म्हणजे विसंगती कळते. तेव्हा वर्ग निवडताना सीसीच्या आधी विचारावे ते हे: रांगेत गाड्या किती, सोबतच्यांचा अनुभव किती, आणि पडलेल्या मुलापर्यंत वैद्य किती मिनिटांत पोहोचतो? याची उत्तरे न देणाऱ्या आयोजकाला प्रवेश-शुल्क देऊ नये.

परंतु ज्याच्या बापाकडे शुल्कच नाही त्याचे काय? चाकणला दरवर्षी लाखो मोटारसायकली तयार होतात, आणि राष्ट्रीय शर्यतींचे जुने मार्ग मात्र मद्रास आणि कोइम्बतूरला, हजार किलोमीटरांहून दूर. गाडी, कातडी पोशाख, टायर, प्रवास हा खर्च कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराच्या आवाक्यातला नव्हे. त्याच्या मुलाचा वर्ग केव्हाच ठरलेला असतो: मध्यरात्रीनंतरचा सोलापूर रस्ता. तेथे वयाची अट नाही, रुग्णवाहिका नाही, आणि समोरून येणाऱ्याने तर शर्यतीत नावही नोंदवलेले नसते. अपघात झाला की वृत्तपत्रे मुलाच्या संस्कारांवर लिहितात.

बालेवाडीच्या शासकीय क्रीडासंकुलात २८ जानेवारी २०२४ रोजी खासगी मालकीच्या संघांच्या स्पर्धेसाठी मातीचा मार्ग उभा राहिला होता. मांजरीसारख्या समाविष्ट गावांतून महापालिका कर घेते. तिने पूर्व भागात कार्टिंगच्या मापाचा एक मार्ग, दहा-बारा लहान गाड्या, शिरस्त्राणे आणि एक प्रशिक्षक एवढे तरी ठेवावे. गाड्या संस्थेच्या असाव्यात आणि पाळी चिठ्ठ्या टाकून लावावी.