विश्लेषण: शाई भरलेली, तरी प्रिंटर बंद? ‘वेस्ट इंक काउंटर’ रिसेट करण्याचा वाद काय?

जून-जुलैत निलंग्यातील झेरॉक्सची दुकाने आणि सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. शाळा-कॉलेजचे प्रवेश, उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीक विमा, सगळ्यांना कागद हवा असतो. अशा वेळी इंकटँक प्रिंटरचे दिवे आळीपाळीने लुकलुकू लागतात आणि संगणकावर सूचना येते की इंक पॅडचे आयुष्य संपले. टाकीत शाई आहे, कागद अडकलेला नाही, तरी एक पान निघत नाही. दुरुस्तीवाला लॅपटॉप जोडून पाच मिनिटांत ‘रिसेट मारतो’ आणि छपाई पुन्हा सुरू होते.

काउंटर नेमके काय मोजतो?

इंकजेट हेडची बारीक छिद्रे वाळून बुजू नयेत म्हणून प्रिंटर अधूनमधून थोडी शाई बाहेर फेकतो. ती तळाशी बसवलेल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये मुरते. बिनबॉर्डरचे फोटो छापताना कडेबाहेर जाणारी शाईही तिथेच जाते. पॅड खरोखर किती भिजला, हे पाहणारा सेन्सर बहुतेक घरगुती मॉडेलमध्ये नसतो. प्रत्येक क्लीनिंगला किती शाई गेली असेल, याचा अंदाज मेमरीत जमा होत राहतो आणि ठरलेली मर्यादा आली की छपाई थांबते. त्यामुळे पाने कमी छापूनही काउंटर भरू शकतो. उन्हाळाभर बंद राहिलेल्या शाळेतल्या प्रिंटरला सुरू करताना पाच-सहा वेळा क्लीनिंग दिले, की आकडा झपाट्याने चढतो.

मग रिसेट करण्यात गैर काय?

रिसेटने आकडा शून्य होतो, पॅड ओलाच राहतो. पहिल्या वेळी बहुधा काही बिघडत नाही. पॅड न बदलता पुन:पुन्हा तेच केले, तर शाई टेबलावर झिरपते. म्हणजे आधी पॅड, मग रिसेट, हा क्रम बरोबर. अडचण अशी की रिसेटचे सॉफ्टवेअर कंपनीच्या सेवा केंद्रांसाठी असते. एप्सनच्या अमेरिकी शाखेने काही मॉडेलसाठी एकदाच चालणारे मोफत रिसेट दिले आहे. इथे मात्र इंटरनेटवरच्या चोरट्या प्रती चालतात आणि त्या बसवताना अनेकदा अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. ज्या संगणकात गावातल्या लोकांचे आधार आणि बँक पासबुक स्कॅन करून ठेवलेले असते, त्यातच हे होते. गळक्या पॅडपेक्षा हा धोका मोठा आहे.

कायदा काय म्हणतो?

फ्रान्सने २०१५ मध्ये वस्तूचे आयुष्य मुद्दाम कमी करणे हा गुन्हा ठरवला. २०१७ मध्ये ‘हॉप’ या संघटनेने प्रिंटर कंपन्यांविरुद्ध तक्रार केली आणि एप्सनविरुद्ध तपास सुरू झाला. कंपनीने आरोप फेटाळले. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल-टॅबलेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे निवडली गेली. त्या यादीत प्रिंटरचे वेगळे नाव नाही, आणि स्वतंत्र कायदाही झालेला नाही. सेवा नाकारल्यास किंवा अवाच्या सवा पैसे मागितल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

काही नव्या मॉडेलमध्ये पॅडऐवजी ग्राहकाला स्वत: बदलता येणारा ‘मेंटेनन्स बॉक्स’ असतो. प्रिंटर घेताना दुकानदाराला तेवढे विचारावे, आणि तो बॉक्स कितीला मिळतो हेही. कारण त्यालाही चिप असते.