सातबाऱ्यात स्त्रियांचे स्थान

‘स्त्रीमुक्तीचे तत्त्वज्ञान’ असे शब्द दिसले की आपल्यापैकी पुष्कळ वाचक पान उलटून कापसाच्या भावाकडे वळतात, हे मी जाणून आहे. हा पुण्यामुंबईच्या शिकलेल्या बायकांचा विषय, त्याचा आपल्या काळ्या जमिनीशी काय संबंध, अशी समजूत आहे. ती खरी नाही. १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या, आणि त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे तेथील सरकारी कचेरीत कारकून. मीही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो असल्यामुळे मला या गोष्टीचे अंमळ अधिक अगत्य वाटते. सुरतेच्या एका विधवेस बालहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आग पाखडली गेली. ताराबाईंनी त्यावर विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. जे दोष तुम्ही स्त्रीच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय, आणि असल्यास दोघांना एक माप का नाही?

तेच माप आपण सातबाऱ्यास लावून पाहू.

आपल्या बिलोली तालुक्यात ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन ही पिके. औत आणि फवारणी पुरुष करतो, माल बाजारात नेणे व पट्टी घेणेही त्याच्याकडे. खुरपणी बायकांची, कापूस वेचणी बायकांची. शिवाय बी निवडणे, गुराचे शेण, भाकरी, पाणी. दिवस मोजावयाचे ठरविले तर कोणाचे अधिक भरतील हे सांगण्यास जमाखर्च लिहिता येण्याची गरज नाही. मात्र २०१५-१६ च्या कृषी गणनेत साऱ्या देशात स्त्री खातेदार शेकडा सुमारे १४ निघाल्या. आणि त्या चौदांतही किती नावे केवळ एखाद्या अनुदानासाठी लावलेली असतात, हे आम्हां कारकुनांस विचारावे.

कायदा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेस व मुलीस वारस ठरविले. महाराष्ट्राने १९९४ साली, व केंद्राने २००५ साली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतःच हिस्सा दिला. २००५ पूर्वी बाप वारला असला तरी हा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. मुसलमान बांधवांत मुलीचा वाटा शरियतेने मूळचाच नेमलेला आहे.

परंतु लेक हिस्सेदार झाली तशी हक्कसोडपत्राची प्रथाही वाढली. बाप वारला की तेराव्यानंतर वारसाची नोंद निघते. आमच्याकडील लेकी पुष्कळदा बोधन-निजामाबादेकडे दिलेल्या. त्यांना एका दिवसासाठी बोलावणे जाते, साडीचोळी होते, आणि दुपारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही होते. सही देणारीला कागदात काय लिहिले आहे असे विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर भाऊच देतो. ‘माहेर तुटेल’ ही भीती तिला सहीस लावते. बहिणीने हिस्सा मागितला म्हणून माहेर तोडणारा भाऊ आपण होऊ इच्छितो काय, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

बायकोची स्थिती लेकीपेक्षाही कच्ची आहे. नवरा हयात असता त्याच्या जमिनीत हक्काने मागून घेता येईल असा हिस्सा तिला कायद्याने नाही. आपल्या जिल्ह्यास शेतकऱ्यांच्या आत्महत्या नव्या नाहीत. अशा घरी कित्येकदा जमीन सासऱ्याच्या नावे असते आणि देणे नवऱ्याचे असते. देणेकरी दारात येऊन बसतो तो मात्र त्या बाईच्या.

या ठिकाणी शरद जोशींचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. शेतकरी संघटनेने ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यात चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरविले. लाखावर बाया जमल्या. पुढे संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ काढली. आपल्या जमिनीतील काही भाग बायकोच्या नावे करून तिचे ऋण फेडावे, असे आवाहन होते, आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावांनी ते मनावर घेतले. त्यामागील विचार मला फार सरळ वाटतो. घामाचे दाम मिळत नाही, अशी आपली सरकारकडे तक्रार. मग आपल्याच घरात जिच्या घामाचे दाम कधी मोजले गेले नाहीत, तिच्यापुढे आपण कोणत्या तोंडाने उभे राहावे? शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना तिची मजुरी आपण धरतो. भाव आल्यावर मात्र तो वाटा वेगळा काढीत नाही.

१९९२ साली शासनानेही याच नावाची योजना केली. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज द्यावा आणि बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावून घ्यावे, इतकेच. तरीही असे अर्ज माझ्या साऱ्या नोकरीत मी बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. जमिनीचे तुकडे होतील, म्हणतात. चार भावांत वाटणी होताना तुकडे होतात, तेव्हा ही काळजी कोणास पडत नाही. आणि सामाईक नावाने तर तुकडा पडतच नाही. लेकीला हुंड्यात दिले, म्हणतात. तो हुंडा तिच्या हाती किती राहिला, हे तिच्या सासरी विचारावे. बायको जमीन विकून टाकील, ही भीतीही बोलून दाखवितात. आमच्या कचेरीत दारूपायी वा जुगारापायी जमिनी गेल्याचे फेरफार पुष्कळ झाले. त्यांत विकणारी बाई मला तरी आठवत नाही.

नाव नसल्याचा परिणाम घरापुरता राहत नाही. गावच्या सेवा सोसायटीचे सभासदत्व खात्यावर, पीककर्ज खात्यावर. खाते नाही म्हणून कर्ज नाही, आणि सभासद नाही म्हणून सभेत शब्द नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे म्हणून जाहीर केले. त्यानिमित्त सत्कार, हारतुरे होतात, आणि ते होऊ नयेत असे मी म्हणत नाही. माझी आपल्या मंडळाच्या चिटणीसांस एवढीच विनंती आहे, की मंडळाच्या सभासद यादीत स्वतःच्या खात्यावर किती स्त्रिया आहेत, तो आकडा त्यांनी पुढील अंकात गाववार छापावा.